शुवार्गा नावाची दोनशे चौदा माणसं

गेनोवेफाने कढईतला डाव थांबवला नाही, फक्त मान वळवून फाटकाकडे पाहिलं. बाहेर एक माणूस उभा राहून घराचा फोटो काढत होता. आधी घराचा काढला, मग विहिरीचा, मग दारावरच्या दगडात कोरलेल्या सालाचा. ते साल जर्मनांनी कोरलेलं होतं, १८८७.

अशी जर्मन माणसं दर उन्हाळ्यात यायची. बसमधून उतरायची, फाटकाशी घुटमळायची, पंचेचाळीस साली आपल्या आईबापांना सोडून जावं लागलेलं घर डोळे भरून बघायची आणि निघून जायची. एक म्हातारी तर विहिरीच्या काठाला हात लावून रडली होती, तेव्हा गेनोवेफानेच तिला पाणी दिलं होतं. पण ती सगळी माणसं रिकाम्या हातांनी आली होती. या माणसाच्या काखेत फाइल होती, जाडजूड, निळी, रबराने आवळलेली. फाइल घेऊन येणारा माणूस रडायला येत नाही, एवढं तिला एक्क्याऐंशी वर्षांत कळलं होतं.

सकाळपासून ती अंगणात आलुबुखार आटवत होती. तांब्याच्या कढईतला गर काळपट जांभळा होत आला होता. या टप्प्यावर हात थांबला की तळ लागलाच म्हणून समजावं. ती ढवळत राहिली आणि तो माणूस जाण्याची वाट बघत राहिली. तो गेला नाही.

"येशू ख्रिस्ताची स्तुती असो," तो फाटकावरून म्हणाला.

म्हणजे जर्मन नव्हता. पण असं अभिवादन आता गावातला पाद्रीसुद्धा रस्त्यावर करत नसे.

"युगानुयुगे," ती सवयीने म्हणाली. "काय विकायचंय?"

"काही नाही, बाई. मी शुवार्गांचं घर शोधतोय."

"कुठले शुवार्गा?"

त्याला हसू आलं. "शुवार्गा काय गल्लोगल्ली मिळतात? उभ्या पोलंडात अकरा आहेत. त्यातले दोन या घरात."

डाव कढईच्या काठावर आपटला. घरात किती माणसं आहेत हे मोजून आलेला माणूस तिने याआधी एकदाच पाहिला होता, आणि तो सरकारी होता.

"मीही शुवार्गाच आहे," तो म्हणाला. "तादेउ. ब्राझीलहून आलोय. तुमच्या यजमानांचे थोरले भाऊ वालेंती, त्यांचा नातू. नात्यानं तुम्ही माझी चुलत आजी लागता, पण आजी म्हणायला जीभ रेटत नाही. काकू म्हणतो."

"अजून फाटक उघडलं नाही, तोवर काकू?"

ती उठली नाही. पण 'वालेंती' हे नाव अंगणात पडलं होतं आणि शेडमध्ये काम करणाऱ्या वितेकने ते ऐकलं होतं. वितेक तिचा मुलगा, पंचावन्न वर्षांचा, शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. ग्रीसने माखलेले हात चिंधीला पुसत तो बाहेर आला.

"वालेंतीकाकांचा नातू? ब्राझीलवाल्या?" त्याने सरळ जाऊन कडी काढली आणि कोपरांनीच त्या माणसाला मिठी मारली. मग आईकडे वळला. "अगं, माणूस अटलांटिक ओलांडून आलाय आणि तू त्याला फाटकात उभं करतेस?"

"अटलांटिकला कडी नसते," गेनोवेफा म्हणाली. "फाटकाला असते."

तादेउ मोठ्याने हसला. तिने मात्र त्याच्या बुटांकडे पाहिलं. बूट भारी होते, पण झिजलेले. पुष्कळ चाललेल्या माणसाचे.

अंगणातल्या टेबलावर त्याने नकाशा पसरला आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या ठेवल्या. न विचारता ठेवल्या. नकाशा साऱ्या जगाचा होता आणि त्यावर शाईचे ठिपके होते.

"हे झास्ताव्ये," त्याने पूर्वेकडच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "तार्नोपोलच्या पलीकडे. आता तिकडे युक्रेन. एक मोठं तळं आणि काठाला तीन घरं. ही माणसं तळ्यातलं लव्हाळं, म्हणजे शुवार, कापून लोकांची छपरं शाकारायची. सतराशे एकतीस साली पाद्र्यानं वहीत पहिल्यांदा लिहिलं, मात्सेय शुवार्गा. सगळे शुवार्गा त्या तीन घरांतले. दुसरीकडे हे नाव उगवलेलंच नाही."

"आणि आम्ही समजत होतो, उमरावबिमराव असू," वितेक म्हणाला.

"गवत कापणारे उमराव." तादेउचं बोट नकाशावरून फिरत गेलं. "इथून दोघं भाऊ फ्रान्सच्या कोळसा खाणीत गेले. तिकडे आता अडतीस जण आहेत, नावाची अक्षरं अशी लिहितात की तुम्हाला ओळखू येणार नाहीत. अमेरिकेत पंचवीस. सन चाळीसमध्ये रशियनांनी झास्ताव्ये अख्खं उचलून कझाकस्तानात नेलं, तिथं एकोणीस राहिले. आम्ही ब्राझीलमध्ये एकशे एकवीस. आमच्या भाषेत 'शुवा' म्हणजे पाऊस. शाळेत मला सगळे पावशा म्हणायचे."

"म्हणजे एकूण?"

"दोनशे चौदा. जगात शुवार्गा नावाची दोनशे चौदा माणसं आहेत. एकशे नव्वद जणांना मी स्वतः भेटलोय किंवा बोललोय."

वितेक नकाशाकडे असा बघत होता जणू त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याने त्याला जेवायला बोलावलं होतं. लहानपणी त्याला काकामामा कुणी नव्हते. बापाकडचे सगळे युद्धात गेले आणि एक ब्राझीलला, एवढंच त्याला माहीत होतं.

"एवढा वेळ मिळतो तुम्हाला?" गेनोवेफाने कढईजवळूनच विचारलं. "कामधंदा काय करता?"

"निवृत्त झालो, काकू. चौतीस वर्षं जमीनमोजणीत होतो."

"कुणाची जमीन मोजायचात?"

"ज्याची असेल त्याची."

"आणि ती कुणाची, ते कोण ठरवायचं?"

"कागद," तादेउ म्हणाला.

गेनोवेफाने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. घर आणि आठ हेक्टर जमीन कागदावरच मिळाली होती. युद्धानंतर, पूर्वेला सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात इथली जर्मनांची जमीन, आणि कागदावर नाव होतं स्तानिस्वाव शुवार्गा.

बरणी हवी म्हणून ती टेबलापाशी गेली. फाइल उघडी होती आणि आत वंशावळ होती, दुमडलेली, पानामागून पान चिकटवलेली. नावं सगळी शाईने लिहिलेली. तिच्या वारलेल्या नवऱ्याचं, स्तानिस्वावचं, नावही शाईनेच होतं, पण त्याच्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. बारीक, सुबक. तिने चष्मा लावला नव्हता, पण लांबचं आणि वाईट तिला चष्म्याशिवाय दिसत असे. तिने बरणी उचलली. नकाशाचा तो कोपरा वर उडाला आणि ब्राझील झाकून गेलं.

"काकू, एक गंमत विचारू?" तादेउने नकाशा सारखा केला. "मी सगळ्यांना विचारतो. स्तानिस्वावकाका बटाट्याला काय म्हणायचे?"

"बटाट्याला बटाटा."

"तसं नाही. आमच्या झास्ताव्येकडे एक शब्द आहे. तो सगळ्या शुवार्गांनी टिकवलाय. फ्रान्समध्येसुद्धा."

"बाराबोला!" वितेक म्हणाला. "बाबा बाराबोला म्हणायचे."

तादेउचा चेहरा खुलला. गेनोवेफाने श्वास सोडला. पण वितेक थांबणाऱ्यातला नव्हता.

"फक्त रागावले ना, की ग्रुला म्हणायचे. 'चांगल्या ग्रुला कुजवल्यात मेल्यांनो!' आम्हाला तेव्हाच कळायचं की आता मार बसणार."

"ग्रुला," तादेउ सावकाश म्हणाला आणि खिशातून छोटी वही काढून त्याने तो शब्द टिपून घेतला. "हा दक्षिणेकडचा. डोंगरातला."

"फौजेत कुणाकडून तरी उचलला असेल," गेनोवेफा म्हणाली.

"काका फौजेत होते? माझ्याकडे नोंद नाही."

तिच्याच तोंडून निसटलं होतं. ती कढईकडे परतली आणि गरज नसताना जोरजोरात ढवळू लागली. गराचा एक थेंब मनगटावर उडाला. तिने तो पुसलाही नाही.

तादेउने फाइलच्या कप्प्यातून एक पांढरी पेटी काढली. पेटीत बोटभर लांबीची नळी होती.

"हे काय?" वितेकने विचारलं.

"यात थोडं थुंकायचं. प्रयोगशाळेत तपासतात. बाप, आजा, पणजा, सगळं रक्त एका रेषेत दिसतं. फ्रान्सवाल्यांचं आणि आमचं जुळलं, अगदी तंतोतंत. कझाकस्तानचंही. तुमचं तेवढं राहिलंय."

"एवढंच? आण इकडे. थुंकायला काय, मी सकाळपासून त्या ट्रॅक्टरवर थुंकतोय."

"अर्ध्या तासात काही खाल्लं-प्यालं नसलं म्हणजे झालं."

"नाही, सकाळपासून नुसतं काम..."

"वितेक," गेनोवेफाने हाक मारली. डाव गरात बुडवून तिने त्याच्यासमोर धरला होता. खाली हात, जसा लहानपणी धरायची. "जरा चाख बरं. साखर घालावी लागेल का?"

त्याने विचार न करता चाखलं. जीभ भाजली म्हणून तोंडाने वारा घेतला, ओठ चाटले.

"साखर?" तो म्हणाला. "आपण कधी घालतो साखर?"

मग त्याला कळलं आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरेरे. अर्धा तास गेला."

तादेउ गेनोवेफाकडे बघत होता. हसत नव्हता. नळी त्याने परत पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि पेटी टेबलावर आपल्या बाजूला न ठेवता मधोमध ठेवली.

तेवढ्यात वितेकचा फोन वाजला. खालच्या आळीत कुणाचं तरी बटाटे काढायचं यंत्र शेतात मध्येच अडकलं होतं. "अर्धा तास आहेच ना," असं म्हणून तो गाडी घेऊन निघाला. "जाऊ नकोस हं, तादेउ. आई, त्याला पळवून लावू नकोस."

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला. अंगणात गर फुटण्याचा तेवढा आवाज राहिला, बुडबुड, बुडबुड.

"काकू," तादेउ म्हणाला, "तुम्ही हुशार आहात."

"आणि तुम्ही जमीन मोजणारे. मोजा आणि मोकळे व्हा. काय हवंय? घर? घर गळतं. जमीन? निम्मी दगड आहे."

"जमीन माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे."

"मग?"

त्याने फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. तिने डाव सोडला नाही, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं.

"आमच्या तिकडच्या चर्चच्या वहीतली नोंद आहे. सन अठ्ठेचाळीस, फेब्रुवारी. 'वालेंती शुवार्गा यांच्या विनंतीवरून, त्यांचा धाकटा भाऊ स्तानिस्वाव याच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून मिस्सा.' अठ्ठेचाळीस, काकू. आणि स्तानिस्वावची पत्रं आमच्या घरी येत होती एकोणऐंशीपर्यंत. आजोबा जाईपर्यंत. माझ्याकडे शहाण्णव पत्रं आहेत."

"पाद्र्याची चूक असेल."

"मलाही तसंच वाटलं. मग आजोबांची पत्रं नीट लावली. ते पाठवण्याआधी मसुदा करायचे, मसुदे ठेवून द्यायचे. रेड क्रॉसमार्फत तुमचा पत्ता मिळाल्यावर पहिल्याच पत्रात त्यांनी विचारलंय, 'लहानपणी घोड्यानं लाथ मारलेला तुझा डावा गुडघा थंडीत अजून दुखतो का?' इकडून उत्तर आलं, 'दुखतो, पण चालवून घेतो.'" तादेउ थांबला. "काकू, आमच्या घरात घोडा कधीच नव्हता."

गेनोवेफाचे ओठ हलले. हसू होतं की काय, ते तिचं तिलाच कळलं नाही. त्या पत्रानंतर दर हिवाळ्यात तिचा नवरा, गावाचा स्तानिस्वाव आणि तिचा स्ताशेक, डावा पाय ओढत चालायचा. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं ती त्या गुडघ्याला चरबी चोळून द्यायची. सत्तरीला येईतो तो खरोखरच दुखायला लागला.

"मग एकदा कळलं की हा भाऊ नाही," ती म्हणाली, "तर पोलिसांना का नाही कळवलं तुझ्या आजोबानं?"

'तुझ्या' म्हणाली. दोघांनाही ते ऐकू आलं.

"ते मला माहीत नाही. त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या आजोबांचा भाऊ पंचेचाळीस साली कागद घेऊन गाडीत बसला आणि गाडीतून त्याचे कागद घेऊन दुसराच माणूस उतरला." तादेउने दोन्ही हात टेबलावर ठेवले. आवाज चढवला नाही. "मधे काय झालं, ते विचारायला मी आलोय. कागद हवे असले तर त्या काळात माणसाला काय करावं लागत होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

गेनोवेफा कढईपासून बाजूला झाली. डाव तिने जमिनीवर टाकला, मातीत.

"माझ्या स्ताशेकनं त्याला मारलं, असं म्हणायचंय तुला?"

"मी विचारतोय."

"दोन महिन्यांचं वासरू कापायचं म्हटलं की घर सोडून जायचा तो! माझ्या अंगणात बसून, माझ्या बरण्या घेऊन, तू..." तिला धाप लागली. ती विहिरीच्या काठावर टेकली. अठ्ठावन्न साली वालेंतीने फोटो मागितला होता, तिसऱ्यांदा, आणि स्ताशेक तो पाठवायला तयार नव्हता. त्या दिवशी स्ताशेकने तिला सगळं सांगितलं होतं, इथेच, दोघं बादल्या भरत असताना. त्यानंतर त्या गोष्टीतला एक शब्दही या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"पूर्वेकडून मालगाडीच्या गुरांच्या डब्यांतून आणलं लोकांना," ती म्हणाली. "पाच आठवडे. खऱ्या स्तानिस्वावबरोबर एक गाय होती. बाकी कुणी नाही. त्याचं सगळं गाव आधीच नेलेलं, तो तेवढा मागं राहिलेला. माझा नवरा फौजेतून पळालेला होता, बावीस वर्षांचा. सापडला असता तर भिंतीला उभं करून गोळी. एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा तो डब्यात शिरला आणि गाईच्या मागं गवतात लपला. दुसऱ्या दिवशी स्तानिस्वावनं पाहिलं. ओरडला नाही. भांड्यात दूध काढलं, निम्मं आपण प्याला आणि निम्मं गवतात सरकवलं."

तादेउने वही उघडली नव्हती.

"मग ताप आला. त्या डब्यात तिघं गेले तापानं. बाकीची माणसं लांब सरकली, माझा नवरा उशाशी बसला. त्याला कुठं सरकायला जागा होती? शेवटच्या दिवशी स्तानिस्वावनं कोटातून कागद काढून दिले. म्हणाला, नाव घे, गाय घे. फक्त मला नागवा पुरू नकोस."

"नागवा?"

"त्या साली मेलेल्याच्या अंगावर कुणी काही ठेवत नव्हतं. त्याच्या पायात बूट होते, चांगले, टाचेला लोखंड मारलेले. माझ्या नवऱ्याच्या पायाला पोत्याचे तुकडे बांधलेले. त्यानं ते बूट काढले नाहीत. आणि दुसऱ्या कुणी काढू नयेत म्हणून खड्डा बुजेपर्यंत तिथं उभा राहिला. इथं उतरला तो पोत्यांवर. गावातल्या म्हाताऱ्या त्याला चिडवायच्या, आठ हेक्टरचा धनी आणि पाय बघा."

तादेउने फाइलच्या अगदी तळाशी हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक पिवळं पडलेलं पान काढलं.

"हे सत्तेचाळीसच्या नाताळातलं. इकडून आलेलं चौथं पत्र."

तो वाचू लागला. त्याची पोलिश जुन्या वळणाची होती आणि वाचताना ती आणखी जुनी झाली.

"'प्रिय भावा, येताना आमच्या डब्यातला एक माणूस तापानं गेला. फार चांगला माणूस होता, दूध वाटून प्यायचा. त्याला आम्ही रुळांपासून तीस पावलांवर पुरलं, उंचवट्यावर, जिथं पाणी साचत नाही. बूट त्याचे त्याच्या पायातच राहू दिले. प्रार्थना मला जेवढी येत होती तेवढी म्हटली. त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं असेल की नाही, कोण जाणे. ही गोष्ट कुणाला तरी सांगावी असं वाटत होतं, म्हणून तुला लिहितो.'"

गेनोवेफाने हात पुढे केला. तादेउने पान तिच्या हातात दिलं. अक्षर स्ताशेकचं होतं, एका बाजूला कललेलं, वारा लागल्यासारखं. तेव्हा ती त्याला ओळखतही नव्हती. हे पत्र त्याने लिहिल्याचं तिला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"फेब्रुवारीत मिस्सा," तादेउ म्हणाला. "पत्र पोचायला तेवढेच दिवस लागायचे. आणि मार्चमध्ये आजोबांचा मसुदा आहे. पुन्हा 'प्रिय भावा.' पाऊस किती झाला, मका किती झाला, तुझा गुडघा कसा आहे."

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"आधी दाखवलं असतं, तर तुम्ही त्यावरून बेतून सांगितलं असतं."

तिने पानावरून नजर वर केली. "आजोबावर गेलास," ती म्हणाली.

तो पहिल्यांदाच ओशाळला.

"वालेंती गेल्याची तार आली," ती जराशाने म्हणाली, "तेव्हा स्ताशेक दिवसभर गोठ्यात बसून होता. वर्षभर बाहीला काळी पट्टी लावली. मी म्हटलं, अरे, बाहेरच्यांपुढं ठीक आहे, घरात तरी काढ. तर माझ्याशी चार दिवस बोलला नाही."

कढईतून करपल्याचा वास यायला लागला होता. दोघेही एकदमच उठले. तादेउने कढईच्या कानाला फडकं लावलं, तिने दुसऱ्या, आणि ती त्यांनी चुलीवरून उतरवली. तळाचा बोटभर थर गेला होता. वरचं तिने हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढलं आणि चव घेऊन पाहिली. चालण्यासारखं होतं.

वितेक परत आला तो तोंड धुवूनच. शर्टाचा गळा ओला होता.

"खळखळून चूळ भरली, तीनदा," तो म्हणाला. "आण ती नळी."

गेनोवेफा बरणी पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

तादेउने पेटी उचलली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली. "अरेरे," तो म्हणाला. "तारीख उलटून गेलीये. मार्चपर्यंतच होती. आता काही उपयोग नाही हिचा."

"दुसरी नाही?"

"ही शेवटची."

"मग पाठव तिकडून. मी थुंकून परत पाठवतो." वितेक खट्टू झाला, पण फार वेळ नाही. त्याने आईच्या हातातलं फडकं घेऊन हात पुसले. "का गं, करपलं का? तू आणि करपवलंस? बरं, मी ताटं आणतो. आणि बाटली. पाहुण्याला नुसता धूर खायला घालणार का?"

तो आत गेल्यावर गेनोवेफा हळूच म्हणाली, "तारीख खरंच उलटली?"

"पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत आहे."

"त्याला सांगायचं की नाही..."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगणार नाही." त्याने वंशावळ ओढून घेतली आणि खिशातून खोडरबर काढलं. "घरून निघताना एकच ठरवायचं होतं, दोनशे चौदातून दोन वजा करायचे की नाही."

"मग?"

"आजोबांनी त्यांना एकतीस वर्षं भाऊ धरलं. मी कोण वजा करणारा?" त्याने प्रश्नचिन्ह खोडलं, कागदावर फुंकर मारली. मग जरा घुटमळला. घरातून वितेकचा कपाटं उघडण्याचा आवाज येत होता. "काकू, एकच राहिलं. कागदावर नाही लिहिणार. फक्त माझ्यासाठी. त्यांचं खरं नाव काय होतं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, फाटकात उभा होता तेव्हा पाहिलं होतं तसंच. मग फाइलकडे पाहिलं.

"आधी ती बांध."

त्याने सगळे कागद आत घातले, रबर दोनदा गुंडाळलं आणि फाइल बाकावर, आपल्यापासून लांब ठेवली. वही खिशातून काढून तिच्यावर ठेवली. दोन्ही तळवे उघडे करून दाखवले.

"नोवाक," गेनोवेफा म्हणाली. "यूझेफ नोवाक."

तादेउ क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"काकू, या देशात दोन लाख नोवाक आहेत. डोंगरातल्या कुठल्याही गावात जा, एक अख्खी आळी नोवाकांची. त्यात यूझेफ किती असतील, देव जाणे. सात जन्म शोधलं तरी तुमचा यूझेफ कुणाला सापडायचा नाही."

"म्हणूनच तर सांगितलं," गेनोवेफा म्हणाली.